परकी प्रजाती नेमकं काय बिघडवते, आणि ती काढल्यावर काय परत येतं?

प्रश्न असा आहे: एखाद्या जंगलात शंभर प्रजाती होत्या, बाहेरून एक येऊन रुजली, म्हणजे एकशे एक झाल्या. मग यात निसर्गाचं नुकसान कुठे झालं? आणि झालंच असेल, तर ती एक काढून टाकली की सगळं पूर्वीसारखं होणार नाही का?

आक्रमक वनस्पती काढणं आणि काढल्यावर त्या जागी काय उगवतं ते पुढची कित्येक वर्षं मोजत राहणं, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. शंभराच्या एकशे एक झाल्या हा हिशेब खोटा नाही. पण त्यात फक्त डोकी मोजली जातात. कोण कुणाचं बी वाहून नेतं, कोण कुणाला आटोक्यात ठेवतं, कुणाच्या विष्ठेवर कोणतं गवत पोसतं, हे त्यात येत नाही. नुकसान तिथे होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. परकी म्हणजे आक्रमक नव्हे. जैवविविधतेवरच्या आंतरशासकीय मंचानं, म्हणजे आयपीबीईएसनं, २०२३ मध्ये जगभरचा आढावा मांडला. माणसाच्या हातून नव्या प्रदेशात गेलेल्या आणि तिथे रुजलेल्या प्रजाती ३७,००० पेक्षा जास्त आहेत. त्यांपैकी साधारण ३,५०० घातक ठरल्या आहेत. वनस्पतींत हे प्रमाण ६ टक्के, तर कीटक-गोगलगायींसारख्या अपृष्ठवंशीय प्राण्यांत २२ टक्के. म्हणजे बहुतेक पाहुणे निमूट राहतात. पण जगात नोंद झालेल्या प्रजातींच्या विलोपांपैकी ६० टक्के घटनांत आक्रमक प्रजातींचा हात आहे, आणि १६ टक्क्यांत तेच एकमेव कारण आहे. थोडेच पाहुणे बिघडतात, पण बिघडले की घर मोडतात.

घर कसं मोडतं ते पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर सर्वांत स्पष्ट दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात, बहुधा लष्करी सामानातून, तिथे तपकिरी रंगाचा एक झाडावर चढणारा साप आला, ब्राऊन ट्री स्नेक. तो मूळचा न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया या भागातला. ग्वामच्या पक्ष्यांनी असा साप पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला नव्हता. रात्री घरट्यात साप शिरला तर काय करायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलंच नव्हतं. पक्षी कमी होत गेले तेव्हा लोकांना वाटलं, कीटकनाशकं असतील, नाहीतर साथ असेल. जूली सॅव्हिज या संशोधिकेनं १९८७ मध्ये दाखवून दिलं की साप बेटावर जसजसा पसरला, त्याच क्रमानं जंगलं रिकामी होत गेली. जंगलात राहणाऱ्या १२ स्थानिक पक्ष्यांपैकी १० तिथून नाहीसे झाले.

इथे एक मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. भक्ष्य संपलं की भक्षकही उपाशी मरतो, असं आपण शाळेत शिकलो. मग पक्षी संपत आल्यावर साप का घटले नाहीत? कारण त्यांना सरडे-पालींची कुळं भरपूर होती, आणि ती भराभर वाढणारी होती. पोट सरड्यांवर भरत होतं आणि सापडेल तो पक्षी वरकड मिळत होता. म्हणून शेवटचं घरटंही वाचलं नाही. एखाद्या जागी आक्रमक भक्षक आला की मी आधी हेच पाहतो: दुर्मीळ भक्ष्य संपल्यावर याला जगवणारं दुसरं काही इथे आहे का? असेल तर त्या दुर्मीळ प्रजातीला जवळजवळ वेळच उरत नाही.

पक्षी गेले. पण सापाचं काम तिथे संपलं नाही. ग्वामच्या जंगलातली बहुतेक झाडं बी पसरवायला फळं खाणाऱ्या पक्ष्यांवर अवलंबून होती. आता फळं आईच्याच पायाशी पडतात. आईच्या सावलीत रोप वाढत नाही, आणि त्या झाडाचे कीटक व बुरशी तिथे आधीपासूनच दबा धरून असतात. शेजारच्या, साप नसलेल्या बेटांशी तुलना केली तेव्हा अभ्यासलेल्या दोन झाडांच्या नव्या रोपांत ६१ ते ९२ टक्के घट दिसली. वादळानं एखादं मोठं झाड पडलं की उघडी पडलेली जागा भरून काढणारी रोपं तिथे वेळेवर पोचत नाहीत. आणि कोळी? पावसाळ्यात ग्वामच्या जंगलात शेजारच्या बेटांच्या ४० पट कोळ्यांची जाळी मोजली गेली, कारण त्यांना टिपणारं, त्यांचे किडे पळवणारं कुणी उरलं नव्हतं. सापानं ना झाड खाल्लं, ना कोळ्याला हात लावला. तरी जंगल बदललं.

याच्याही पलीकडे जाणारं उदाहरण अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवरचं आहे. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी तिथे कोल्हे सोडले गेले. कोल्ह्यांनी समुद्रपक्षी खाल्ले, इतकीच गोष्ट वाटते. पण ते पक्षी समुद्रात मासे खाऊन बेटावर विष्ठा टाकायचे. समुद्रातला नायट्रोजन आणि फॉस्फरस जमिनीवर आणणारी ती गाडीच होती. गाडी थांबली, माती निकस झाली आणि जिथे कमरेएवढं हिरवं गवत होतं, तिथे खुजी झुडपं आणि शेवाळ पसरलं. कोल्हा मांसाहारी, आणि बदललं गवत. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी कामाची पद्धतच बदलली. तोवर मी फक्त झाडं मोजत होतो.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांवर तीच साखळी उलट्या दिशेनं, समुद्राकडे जाताना दिसते. काही बेटांवर जहाजांतून उंदीर उतरले, काहींवर नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत उंदीर नसलेल्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट आढळली. त्या पक्ष्यांची विष्ठा पावसानं वाहून भोवतालच्या प्रवाळांपर्यंत जाते. तिथल्या प्रवाळभिंतीवरच्या माशांचं एकूण वजन उंदरांच्या बेटांभोवतीच्या माशांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होतं. उंदीर किनाऱ्यावर, परिणाम पाण्याखालच्या माशावर.

आता आक्रमक प्रजाती एकमेकींना हात देतात तेव्हा काय होतं ते सांगतो, कारण व्यवहारात मला हेच सर्वांत अवघड जातं. ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर तांबडे खेकडे कोट्यवधींच्या संख्येनं आहेत. जंगलाची जमीन तेच झाडतात, पाचोळा खातात, रोपं खुडतात, त्यामुळे झाडांखाली मोकळं असतं. तिथे पिवळी क्रेझी मुंगी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आली होती आणि कित्येक दशकं गप्प होती. मग लाखेच्या किड्याच्या जातीतली एक परकी कीड झाडांवर वाढली. ही कीड गोड चिकट द्रव सोडते. मुंग्यांना अमर्याद साखर मिळाली, त्यांनी किडीचं रक्षण केलं, कीड आणखी वाढली. १९९० च्या दशकात मुंग्यांच्या अवाढव्य वसाहती जंगलभर पसरल्या. त्या मुंग्या खेकड्याच्या डोळ्यांवर आणि सांध्यांवर आम्ल फवारतात, खेकडा आंधळा होतो आणि मरतो. कोटीहून अधिक खेकडे मेले असा अंदाज आहे. खेकडे गेले तसा पाचोळा साचला, रोपं दाट उगवली, आणि खेकड्यांनी आजवर अडवून धरलेली आफ्रिकी महाकाय गोगलगाय जंगलात शिरली. एका परक्यानं दुसऱ्याला बळ दिलं आणि त्या दोघांनी तिसऱ्यासाठी दार उघडलं.

यातून व्यवहाराचा एक धडा मिळतो. ‘ही प्रजाती इथे पन्नास वर्षं आहे, काही करत नाही’ हे वाक्य मी कधीच निर्धास्तपणे ऐकत नाही. ती कशाची तरी वाट पाहत असू शकते: एखादा परागण करणारा कीटक, एखादी कीड, थोडी वाढलेली उष्णता, एखादा वणवा.

वणव्यावरून आठवलं. काही आक्रमक वनस्पती शेजाऱ्याला थेट दाबत नाहीत, खेळाचे नियमच बदलतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या सेजब्रश झुडपांच्या प्रदेशात चीटग्रास नावाचं युरेशियातलं वर्षायू गवत पसरलं आहे. ते उन्हाळ्याच्या आरंभीच वाळतं आणि झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून टाकतं. पूर्वी आग त्या मोकळ्या जागांपाशी थांबायची. आता वाळलेल्या गवताची अखंड वात तयार असते. जिथे काही दशकांतून एकदा आग लागायची, तिथे ती दर काही वर्षांनी लागते. सेजब्रश जळाल्यावर मुळापासून फुटत नाही, गवत मात्र बियांमधून लगेच उभं राहतं आणि पुढच्या आगीची तयारी करतं. त्या झुडपांवर जगणारा सेज ग्राऊस पक्षी यात बेघर होतो. हवाई बेटांवर फायरट्री या परक्या झाडानं वेगळाच डाव टाकला. त्याच्या मुळांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन मातीत बांधतात. तिथली कोवळी ज्वालामुखी जमीन अतिशय निकस, आणि स्थानिक झाडं नेमकी त्या निकसपणालाच सरावलेली. माती ‘सुपीक’ झाली आणि फायदा बाहेरून येणाऱ्या तणांना झाला. ‘सुपीक’ हा शब्द शेतीत चांगला आहे, जंगलात तो कुणासाठी सुपीक हे विचारावं लागतं.

‘स्वच्छ’ या शब्दाचंही तसंच. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत १९८८ मध्ये झेब्रा शिंपले सापडले. ते जहाजांचा तोल राखायला तळाशी भरलेल्या पाण्यातून आले होते. नखाएवढा शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळतो, आणि तळावर ते लाखोंनी असतात. पाणी नितळ झालं, लोकांना आनंद झाला. पण गाळून काढलेलं होतं ते प्लवक, म्हणजे माशांच्या पिलांचा घास. आणि स्थानिक शिंपल्यांच्या कवचावर हे इतक्या थरांनी बसतात की त्यांना उघडता-मिटताही येत नाही.

मुंग्यांचं आणखी एक उदाहरण, कारण ते फार लहान आहे आणि फार खोल जातं. दक्षिण आफ्रिकेच्या फिनबॉस झुडपी प्रदेशात कित्येक झाडांच्या बियांना एक तेलकट तुकडा चिकटलेला असतो. स्थानिक मुंग्या बी उचलून बिळात नेतात, तुकडा खातात आणि बी जमिनीखाली सुरक्षित राहतं. वणवा जाऊन गेला की ते रुजतं. अर्जेंटिनाची मुंगी आली, तिनं स्थानिक मुंग्यांना हाकललं. तीही तो तुकडा खाते, पण जागेवरच. बी वरच पडून राहतं आणि उंदरांच्या तोंडी जातं. दिसायला मुंगीच्या जागी मुंगी आली. कामाच्या हिशेबात जागा रिकामी राहिली.

रोगांबद्दल थोडक्यात. हवाईत १८२६ पर्यंत डास नव्हते. जहाजातून डास आले, पुढे परक्या पक्ष्यांसोबत पक्ष्यांचा मलेरिया आला, आणि मधचोख्या हनीक्रीपर पक्ष्यांकडे त्याविरुद्ध प्रतिकार नव्हता. आज ते उंच, थंड डोंगरांवर उरले आहेत, कारण थंडीत डास आणि परजीवी दोन्ही मंदावतात. तापमान वाढतं आहे तसे डास वर सरकत आहेत आणि डोंगराला शिखराच्या वर जागा नसते. २०२३ च्या अखेरीपासून माउई बेटावर वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास हवेतून सोडले जात आहेत. जंगली माद्यांशी त्यांचं मीलन झालं की अंडी फुटत नाहीत. हे पुरेसं लवकर होवो, एवढंच मला मनापासून वाटतं.

ब्रिटनमधली तांबडी खार उत्तर अमेरिकेतून आलेल्या करड्या खारीच्या स्पर्धेनं तर हटलीच, शिवाय करडी खार जो स्क्विरलपॉक्सचा विषाणू वाहते आणि स्वतः सहज पचवते, त्यानं तांबडी मरते. आणि संकर हाही एक मार्ग आहे: न्यूझीलंडच्या करड्या बदकाचा बाहेरून आणलेल्या मॅलार्ड बदकाशी इतका संकर झाला आहे की शुद्ध पक्षी शोधणं कठीण. तिथे कुणी कुणाला मारत नाही, वंश विरघळतो.

स्थानिक प्राणी हे सगळं नुसतं सोसतात का? नाही, काही शिकतात. ऑस्ट्रेलियात १९३५ साली उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी हवाईहून केन टोड हा मोठा भेक आणला गेला, सुमारे शंभर नग. भुंगेरे त्यानं आवरले नाहीत. तो मात्र विषारी, आणि त्याला खाणारे क्वोल (मांजराएवढे पिशवीधारी शिकारी प्राणी), घोरपडी, साप पटापट मेले. पसरण्याच्या आघाडीवरच्या टोडांचे पाय मागच्यांपेक्षा लांब झाले आहेत, कारण पुढे कोण असणार, तर जो लांब उडी मारतो तो. दुसऱ्या बाजूनं, तांबड्या पोटाच्या काळ्या सापांचं डोकं टोडग्रस्त भागात तुलनेनं लहान होत गेलं, म्हणजे त्यांना प्राणघातक आकाराचा टोड गिळताच येत नाही. संशोधकांनी आघाडी पोचण्याआधी मुद्दाम लहान टोड सोडून पाहिले. घोरपडीनं ते खाल्ले, आजारी पडली, मेली नाही, आणि मोठे टोड आल्यावर तिनं त्यांना तोंड लावलं नाही. जिथे हे केलं तिथे घोरपडी टिकल्या. पण शिकायला आधी जिवंत राहावं लागतं, आणि लहान बेटावरच्या काहीशे पक्ष्यांना तेवढी उसंत मिळत नाही.

आता दुसरा प्रश्न: काढली की संपलं?

ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या मॅक्वॉरी बेटावर मांजरं समुद्रपक्षी मारत होती. ती २००० पर्यंत संपवली. पण तीच मांजरं सशांनाही खात होती, आणि सशांवर सोडलेल्या मिक्सोमा विषाणूचा जोरही ओसरत होता. ससे वाढले आणि त्यांनी डोंगरउतार अक्षरशः खरवडून काढले. मांजर काढणं चूक होतं असं मी म्हणणार नाही, पक्ष्यांना त्याचा फायदा झालाच. चूक होती ती एकाला सुटं समजून काढण्यात. पुढे ससे, उंदीर आणि घुशी एकदमच लक्ष्य केल्या, आमिषं टाकली, माग काढणारे कुत्रे वापरले, आणि २०१४ मध्ये बेट मुक्त जाहीर झालं. वनस्पती झपाट्यानं परतल्या.

कधी परक्यानंच स्थानिकाला आसरा दिलेला असतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला नदीकाठच्या टॅमरिस्क या परक्या झाडावर भुंगेरे सोडले, ते प्रभावी ठरले, पण स्थानिक वाळुंज (विलो) आधीच नाहीशी झालेली असल्यामुळे विलो फ्लायकॅचर हा दुर्मीळ पक्षी टॅमरिस्कमध्येच घरटी बांधत होता. पर्यायी झाडं उभी राहण्याआधीच आसरा वाळू लागला.

जैविक नियंत्रणाला मी सरसकट विरोध करत नाही. १९२० च्या दशकात ऑस्ट्रेलियात निवडुंगाला कॅक्टोब्लास्टिस पतंगानं आवरलं, जलपर्णीवरच्या भुंगेऱ्यांनीही काही ठिकाणी चांगलं काम केलं. कसोटी एकच: आणलेला जीव आणखी काय खातो? तोच कॅक्टोब्लास्टिस कॅरिबियन बेटांवर नेला गेला आणि तिथून फ्लोरिडात पोचून तिथले स्थानिक निवडुंग खाऊ लागला. आफ्रिकी महाकाय गोगलगायीला आवरण्यासाठी १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या मोरिया बेटावर रोझी वुल्फस्नेल ही मांसाहारी गोगलगाय सोडली. तिनं पार्ट्युला नावाच्या चिमुकल्या स्थानिक गोगलगायी संपवल्या. त्या आज प्राणिसंग्रहालयांत जपलेल्या पिढ्यांतून परत नेल्या जात आहेत.

माझ्या स्वतःच्या कामातलं सांगतो. घाणेरी काढताना सुरुवातीला आम्ही झुडपं जमिनीलगत कापायचो. काम भराभर दिसायचं, आणि पुढच्या पावसात प्रत्येक बुंध्यातून सात-आठ धुमारे. नंतर जमिनीखाली खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे तोडून झुडूप उलटं करून ठेवायला शिकलो, मुळं वर, म्हणजे ते पुन्हा मातीला टेकत नाही. पण खरी अडचण पुढे आली. मोकळी जागा तशीच सोडली तर वर्षभरात एकतर मातीतल्या बियांतून घाणेरीच परत येते, नाहीतर तिच्या जागी दुसरं तण. पक्षी तिची फळं खाऊन कुंपणाच्या तारेवर बसतात आणि बी टाकतात, त्यामुळे तारेखालची रांग दरवर्षी तपासावी लागते. म्हणून आता काढण्याच्या आधी मी विचारतो की इथे स्थानिक गवताचं बी कुठून मिळेल आणि पुढची किमान तीन-चार वर्षं परत-परत उपटायला माणसं आहेत का. नसतील तर निम्मीच जागा घ्या, पण ती शेवटपर्यंत न्या. सगळी एकदाच कापून सोडून देणं म्हणजे तणाला उजेड देणं.

आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे लवकर सापडणं. ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या एका मरीनात, म्हणजे बोटी नांगरायच्या छोट्या बंदरात, १९९९ मध्ये काळ्या पट्ट्यांचे परके शिंपले दिसले. बंदराची पाणी अडवणारी दारं मिटून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद टाकलं, महिन्याभरात प्रजाती संपली. आत असलेले इतर जीवही मेले, हा कठोर निर्णय होता, पण आत्ता तो शिंपला तिथे नाही. कॅलिफोर्नियात २००० मध्ये सापडलेलं कॉलेर्पा हे समुद्री शैवाल २००६ पर्यंत निपटलं. जिथे दशकं लोटली तिथे अशी सोय नसते. ग्वाममध्ये मेलेल्या उंदरांत पॅरासिटामॉलची गोळी घालून ते हवेतून झाडांवर टाकतात, कारण ते औषध त्या सापाला विष आहे. त्यानं संख्या घटते, साप संपत नाही.

ग्वामचा को’को’, म्हणजे उडता न येणारा ग्वाम रेल, सापामुळे जंगलातून पुरता गेला होता. शेवटचे पक्षी पकडून पिंजऱ्यात वाढवले, मग रोटा आणि कोकोस या जवळच्या बेटांवर सोडले. २०१९ मध्ये त्याची नोंद ‘जंगलात नामशेष’ वरून ‘अतिधोक्यात’ अशी बदलली, म्हणजे एक पायरी परत वर. कोकोसवरून त्याआधी उंदीर काढलेले होते. आणि २०२० मध्ये त्याच कोकोसवर तपकिरी साप सापडले. आता तिथे रात्री बॅटरी घेऊन झाडं तपासली जातात.